नेम दादांचा, जीव आईचा

वर्षातले सात दिवस माझे वडील गावाची शीव ओलांडत नसत. आमचं गाव बेलापूरच्या पुढे, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारं. शिमगा झाला की देवळापुढे मांडव पडतो आणि सप्ताह बसतो. पहाटे काकडा, सकाळी पोथीचं पारायण, दुपारी पंगत, संध्याकाळी कीर्तन. पारायणाला वीस-पंचवीस जण बसतात, पण शिवेचा नेम एकट्या दादांचा. वडिलांना मी दादा म्हणते. गावाच्या उगवतीला ओढ्यावर नळ्यांचा पूल आहे आणि त्याच्या अलीकडे शेंदूर फासलेला म्हसोबा. तिथे गाव संपतं. त्या सात दिवसांत दादा फार तर म्हसोबापर्यंत जात आणि तिथून मागे फिरत.

हा नेम त्यांनी माझ्यासाठी धरला होता. मी तीन वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला. श्रीरामपूरच्या दवाखान्यात डॉक्टर "बघू" यापलीकडे काही बोलेनात. दादा तिथून चालत गावात आले, देवळात उभे राहिले आणि म्हणाले, पोरगी वाचली तर दर साली सात दिवस मी तुझ्या ताब्यात. शिवेबाहेर पाऊल टाकणार नाही, कुणी मेलं तरी. मी वाचले. औषधाने वाचले की नेमाने, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मी घरभर हिंडत होते ना, तेच उत्तर होतं.

"कुणी मेलं तरी" हे शब्द खरे करायची पाळी मी सातवीत असताना आली. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी संगमनेरला माझी आत्या वारली. दादांची ती एकुलती एक बहीण. निरोप्या मांडवात आला, दादांच्या कानाशी वाकला. दादांनी ऐकलं, उपरण्याने डोळे पुसले आणि पुढची ओवी वाचायला घेतली. सगळं गाव गहिवरलं. पुढे कितीतरी वर्षं लोक ती गोष्ट पाहुण्यांना सांगत. आई मात्र त्याच दिवशी मला घेऊन एसटीने संगमनेरला गेली. परत येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "तिला खांदा द्यायला भाऊ न्हवता."

सप्ताहात एका संध्याकाळी ठरलेलं कीर्तन असे. देव अतिथी होऊन एका राजाच्या दारात येतो आणि जेवायला त्याच्या मुलाचं मांस मागतो. आईबाप मुलाला कापतात, आई गाणं म्हणत त्याला उखळात कांडते, आणि शेवटी देव प्रसन्न होऊन मूल परत देतो. बायका हुंदके देऊन रडत. मी नऊ-दहा वर्षांची असताना घरी येताना दादांना विचारलं, "ती आई नको का नाही म्हणाली?"

"देवानं मागितल्यावर का म्हून इचारायचं नसतं, ताई."

"मग उद्या देवानं मला मागितलं तर?"

दादा चालता चालता थांबले. मारतील असं मला वाटलं. पण त्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं, एवढी मोठी असताना, आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते उत्तर होतं की उत्तर टाळणं होतं, हे मला कळलं नाही.

पुढे मी नगरला राहून तत्त्वज्ञान शिकले आणि श्रीरामपूरच्या एका कॉलेजात शिकवू लागले. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र, वरच्या वर्गांना तत्त्वज्ञान. लग्न केलं, ते टिकलं नाही, एकटी राहायला लागले. गावाने या तिन्ही गोष्टींचा संबंध एकमेकींशी लावला.

अस्तित्ववाद शिकवताना आमच्या त्या कीर्तनाची जणू चुलत बहीण असलेली एक परदेशी गोष्ट सांगावी लागते. देव एका म्हाताऱ्या बापाकडे त्याचा मुलगा मागतो. बाप मुलाला घेऊन डोंगरावर जातो, सुरी उचलतो, आणि शेवटच्या क्षणी देव त्याला थांबवतो. यावरचा वाद असा की नीतीच्या बाजूने पाहिलं तर हा खून आहे आणि श्रद्धेच्या बाजूने पाहिलं तर याहून मोठं समर्पण नाही. दोन्ही एकदम खरं कसं असेल? मी फळ्यावर मधोमध रेघ मारून डावीकडे नीती लिहीत असे, उजवीकडे श्रद्धा. पुष्कळ वर्षं असं छान शिकवलं. एकदा राहुरीकडून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, बोलणारा देवच होता हे त्याला कसं कळलं? त्याचं त्यानेच ठरवलं ना?" तास संपत आला होता. "परीक्षेला एवढं खोल येत नाही," असं म्हणून मी डस्टर उचललं. त्याची मला अजून लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी सप्ताहाचा पाचवा दिवस रविवारी आला, म्हणून मी गावी गेले होते. मांडवामागे बायका पंगतीच्या पोळ्या लाटत होत्या, त्यांत आई. दुपारी ती हात झटकत माझ्याकडे आली. "डावा हात जड झालाय गं. घाम बी लई येतोय." चुलीपुढे सगळ्यांनाच घाम येत होता. पित्त असेल म्हणून तिने सोडा मागितला. मी सोडा आणून देईपर्यंत ती भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

गावात एक तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या चघळायला दिल्या आणि मला बाजूला घेतलं. "अटॅक आहे. ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका. गाडी आहे ना तुमची? थेट नगर गाठा. मी हॉस्पिटलला फोन करून ठेवतो."

मी गाडी देवळापुढे आणली. मागच्या सीटवर भावकीतल्या एका चुलतीच्या मांडीवर आईचं डोकं ठेवलं. दादांना कुणीतरी मांडवातून बोलावून आणलं. कपाळाला बुक्का, अंगावर उपरणं. ते काही न विचारता माझ्या शेजारी बसले. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, संपला तो नेम. आत्याच्या वेळी जमलं नाही, पण आता जमलं.

ओढ्यापाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "थांबव."

म्हसोबाला हात जोडायचे असतील असं वाटून मी ब्रेक दाबला. ते उतरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"तू हो म्होरं."

"दादा, बसा. वेळ नाहीये."

"शीव हाय, ताई."

"आईला अटॅक आलाय. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

चुलती मागून म्हणाली, "अवो भावजी, असं काय करताय? देव काय खातोय व्हय तुमाला?" दादांनी तिच्याकडे बघितलं नाही. आईने डोळे उघडले. "अवो," ती म्हणाली, "चला ना." सगळ्या संसारात तिने त्यांच्याकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. दादांचे ओठ हलले. ते काहीतरी सांगणार असं वाटलं. पण त्यांनी फक्त हात जोडले. म्हसोबाला जोडले की आईला, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी गाडी पुढे काढली. राहुरीपर्यंत मी रडत नव्हते, शिव्या देत होते. चुलती म्हणाली, "रस्त्याकडं बघ, बया."

हॉस्पिटलमध्ये सगळं भराभर झालं. दोन रक्तवाहिन्या बंद होत्या, स्टेंट बसवले. कागदावर सही करताना नातं विचारलं, मी मुलगी लिहिलं. संध्याकाळी आयसीयूत आईने डोळे उघडले आणि विचारलं, "आले का?" मी म्हणाले, येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी परत विचारलं, "आले का?" मी म्हणाले, निघालेत. हे खोटं होतं. दादा दर तासाला कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवरून चुलतीला फोन करत होते, आईने काय खाल्लं, लघवी झाली का, एवढं बारीकसारीक विचारत होते. पण निघाले नव्हते. त्या दिवशी दुपारनंतर आईने विचारणं बंद केलं. मला तिच्या अटॅकपेक्षा त्याचा जास्त धसका बसला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. आईचे कपडे आणि आधार कार्ड घरी राहिलं होतं, ते आणायला मी गावी आले. तो सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन चाललं होतं, कर्णे गावाबाहेरपर्यंत ऐकू येत होते. घरी कपाटातून कपडे काढताना मला महाराजांचा आवाज ऐकू आला. ते बाहेरगावचे, नावाजलेले कीर्तनकार होते. सांगत होते की त्या जुन्या कथेतले आईबाप आता कुठे दिसतात असं लोक विचारतात, तर या गावात येऊन बघा. बायको मरणाच्या दारात, पण या माणसाने नेम ढळू दिला नाही. देवाने मागितलं आणि याने दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी कपाट तसंच उघडं टाकून मांडवात गेले. बायकांच्या बाजूने न जाता मधल्या वाटेने गेले, जिथून बाया जात नाहीत. वीणा घेतलेला माणूस चमकून बाजूला झाला. महाराजांपुढे उभी राहून मी हात जोडले आणि म्हणाले, "एक मिनिट बोलू का?" ते भले गृहस्थ. त्यांना वाटलं लेकीला भरून आलंय. त्यांनी माईक माझ्याकडे केला.

मी म्हणाले, "माझी आई वाचली आहे. डॉक्टरांनी वाचवली. तिने दोनदा विचारलं, आले का. महाराज, तुम्ही म्हणता देवाने मागितलं आणि दादांनी दिलं. दादांनी काय दिलं? नेम दादांचा होता, छातीत आईच्या दुखत होतं. ज्याला द्यायचंय त्याने स्वतःचं द्यावं. दुसऱ्याचा जीव ताटात वाढून त्याला भक्ती म्हणू नका. आणि त्यासाठी टाळ्या तर वाजवूच नका."

सप्ताह कमिटीतल्या एकाने माईक माझ्या हातातून काढून घेतला. "ताई, हे कॉलेज न्हाई," तो म्हणाला. मागून कुणीतरी म्हणालं, "नवऱ्याला सोडलेली बाई, ती काय सांगनार भक्ती?" बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली, आमच्या गल्लीतलीच, आणि तिच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "खोटं काय बोलली ती? सांगा की." तिला खाली बसवलं. महाराजांनी गजर सुरू केला. मी दादांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. पण ते घाबरलेले दिसत होते, अगदी लहान मूल घाबरतं तसे.

काला फुटला, नेम संपला. मी गाडीत सामान ठेवत होते तेव्हा दादा येऊन शेजारी बसले. ओढा मागे पडला. फाट्यापाशी ते म्हणाले, "गावापुढं माझी लाज काढलीस."

"काढली."

"तुझ्यापायी धरला हुता नेम."

"माहीत आहे. लहानपणापासून ऐकतेय."

"ऐकतीस, पर कळलं न्हाई तुला." त्यांनी उपरण्याचं टोक बोटांना गुंडाळलं. "तवा मी देवाला बोललो हुतो, नेम मोडला तर पोरगी परत घे. आसं बोललो हुतो. शिवेवर उभा ऱ्हायलो तवा गाडीत तुमी दोघी हुतात. ती मागं, तू म्होरं. मी पाऊल टाकलं आसतं आन तुझ्या हातनं गाडी उसात गेली आसती तर?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उसाचे ट्रॅक्टर शेजारून जात होते. इतकी वर्षं मी या माणसाला फळ्याच्या उजव्या रकान्यात बसवत होते. देवाने हाक मारल्यावर सगळं सोडून जाणारा, नीतीच्या पलीकडे गेलेला म्हणून त्याच्यावर रागावत होते, आणि खरं सांगायचं तर आतून थोडी दबूनही होते. आणि इथे तर एक बाप बसला होता, बायको आणि मुलगी यांपैकी एकीला निवडायला लावलेला. निवडायला लावलं होतं तेही त्याच्याच एका वाक्याने, तिशीच्या आत असताना भीतीपोटी बोललेल्या. देवाने काही मागितलंच नव्हतं. त्या राहुरीच्या मुलीचा प्रश्न बरोबर होता.

"दादा, ही श्रद्धा नाही," मी म्हणाले. "ही भीती आहे."

"श्रद्धा आन भ्या येगळं असतं व्हय?" त्यांनी विचारलं. ते वाद घालत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुस्तकातली उत्तरं मी बाजूला ठेवली.

मी म्हणाले, "माझ्या जिवाच्या बदल्यात आईचा जीव ठेवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मला विचारलं होतं? तिला विचारलं होतं? मला नको तो नेम. माझ्यावरचा काढून घ्या."

"आसं बोलू नको."

"मी बोलणार. मीच काढते."

हॉस्पिटलमध्ये आई उशाला टेकून बसली होती. दादा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. तिने त्यांना बसायला सांगितलं, जेवलात का विचारलं. दादा रडायला लागले आणि रडता रडता मला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. नेमाची अट, गाडीत पुढे बसलेली मी. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं आता ती विरघळेल, आमच्या घरात असंच होत आलंय.

"पोरीपायी थांबलात," ती म्हणाली. "बरं केलंत. मी बी थांबा म्हनले आसते."

दादांनी मान वर केली.

"पर मला सांगितलं का न्हाई? मी तिथं मरत हुते. मला वाटलं मी मेले तरी ह्यांना पोथी मोठी. तीन दिस त्येच घेऊन पडले मी हितं. एक शब्द बोलला आसतात, ह्या पोरीवर आट हाय म्हून, तर मी सुखानं डोळं मिटलं आसतं. तुमी हात जोडलं. बोलला न्हाई."

"कसं बोलनार? आट बोलून दाखवायची नसती. बोललं की ती लागू पडती."

"मंग चाळीस वरसं मी कुनासंगं संसार केला?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली.

डॉक्टरांनी महिनाभर एखाद्या दवाखान्याच्या जवळ राहायला सांगितलं, म्हणून आई श्रीरामपूरला माझ्याकडे आली. महिना झाला, दुसरा झाला. दादा दर गुरुवारी एसटीने येत. पिशवीत शेवगा, लिंबं, घरच्या म्हशीचं तूप. आई त्यांना चहा करून देई, गावातली कोण बाळंत झाली, कुणाची म्हैस व्याली ते विचारी. संध्याकाळच्या गाडीने ते एकटेच परत जात. तिसऱ्या महिन्यात त्यांनी विचारलं, "कधी यायचं म्हंतीस?" आई म्हणाली, "मी रागावले न्हाई तुमच्यावर. पर माझं मरान येईल तवा मला जवळ बोलनारं मानूस पाह्यजे. हितं हाय."

पासष्टीची बाई नवऱ्याला सोडून मुलीकडे राहिली, ही बातमी आमच्या भागात महिनाभर पुरली. दोष माझ्यावर आला. मास्तरीण नास्तिक आहे, तिने आईला फितवलं. मला ते चालतं. पण आईला कुणी फितवलं असं म्हणणं हा तिचा अपमान आहे. ती अजून रोज हरिपाठ म्हणते, एकादशी धरते. तिचा देवावरचा विश्वास काडीभरही कमी झालेला नाही. तिने फक्त स्वतःची बाजू घेतली.

मी दादांना बोलल्याप्रमाणे केलं. आषाढातल्या एका साध्या दिवशी गावी गेले. देवळात गुरव झाडत होता. मी त्याला बाहेर जा म्हणाले नाही. त्याच्यासमोरच मोठ्याने म्हणाले, "तू आहेस की नाहीस मला माहीत नाही. असलास तर ऐक. माझ्या नावावर वडिलांनी जी अट घातली ती मला मान्य नाही. मी तीन वर्षांची होते, मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारण्याजोगी आहे आणि नाही म्हणते. मला जे व्हायचं ते माझ्या मरणाने होईल, कुणाच्या नेमाने नाही." गुरवाचा झाडू थांबला. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

आणि भाद्रपदात मला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, चार दिवस सलाईनवर होते. गावाला आणखी काय पाहिजे होतं? दादा पहाटेच्या गाडीने आले. चेहरा उतरलेला, हातात देवळातला अंगारा.

"बघ," ते म्हणाले. "मी म्हनलं न्हवतं?"

"दादा, डास होता."

"डास कुनी पाठवला?"

"आमच्या गल्लीतल्या गटारीनं. नगरपालिकेला अर्ज दिलाय, तुम्हीपण सही करा." मला हसू आलं आणि हसताना सलाईनचा हात दुखला. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी अंगारा माझ्या कपाळाला लावायला हात पुढे केला. मी त्यांचं मनगट धरलं. मला तो नको होता. मी म्हणाले, "हात ठेवा, अंगारा नको." त्यांनी पुडी खिशात टाकली आणि रिकामा हात माझ्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

मी बरी झाले. त्याने काही सिद्ध झालं नाही, हे तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईला कळतं. मेले असते तरी झालं नसतं. हेच मला गावाला सांगायचं असतं आणि गावाला नेमकं हेच ऐकायचं नसतं. उद्या मला काही झालं तर लोक काय म्हणतील ते मला शब्दाशब्दानिशी पाठ आहे. म्हणू देत. भीतीच्या बदल्यात मिळणारं आयुष्य मला नको, आणि ते दुसऱ्या कुणाच्या छातीवर उभं असेल तर मुळीच नको.

वर्गात मी आता फळ्यावर रेघ मारत नाही. ती डोंगराची गोष्ट सांगते आणि मुलांना विचारते, यात कोण कोण बोललं नाही? मुलं आधी गोंधळतात, मग एकेक नाव निघतं. मुलगा नको म्हणाला नाही, घरी राहिलेली आई बोलली नाही, बाप खरं बोलला नाही. तास पुरत नाही. परीक्षेला येवो न येवो, मी तो पुढच्या तासाला चालू ठेवते.

या वर्षीच्या सप्ताहाआधी कमिटीने दादांकरवी निरोप धाडला की ताईंनी मांडवात न आलेलं बरं. मी गेले. पुढच्या रांगेत बसले, सगळं कीर्तन ऐकलं, पंगतीला जेवले. आमटी वाढणाऱ्याने माझ्यापुढे येऊन क्षणभर विचार केला आणि मग वाढली. ज्या गावाने मला वाढवलं त्या गावात बसायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

सप्ताहाच्या आधीच्या गुरुवारी दादा आमच्याकडे आले होते. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, तरी शिवेचा नेम चालूच. चहा पिताना मी त्यांना सरळ विचारलं, "पुन्हा तसंच झालं तर? आई गाडीत आणि तुम्ही शिवेवर?"

त्यांनी बशी खाली ठेवली. खोटं बोलता आलं असतं. मला आणि आईला दोघींना बरं वाटलं असतं.

"थांबंन," ते म्हणाले. "तू काढला आसशील नेम, माझ्या मनातनं निघत न्हाई. पर ह्या टायमाला तिला सांगंन. का थांबतोय त्ये सांगंन."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सांगा. मंग मी बी सांगते, मी हितंच ऱ्हानार."

"ऱ्हा," दादा म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हनतोय?"

मला हे मान्य नाही. मी त्यांना तसं सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. माझं म्हणणं त्यांना मान्य नाही, तेही त्यांनी सांगितलं. मग आईने पिठलं टाकलं आणि आम्ही तिघं जेवायला बसलो.